चाळिसाव्या मिनिटानंतर

डब्यात वापरलेल्या सात काड्या होत्या. प्रत्येक काडीच्या पाठीवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका होता: लाल, गुलाबी, केशरी, तपकिरी, चंदेरी, काळा आणि जांभळा. सहा काड्यांच्या बारीक खिडकीत एकच रेघ होती. जांभळ्या ठिपक्याच्या काडीत एक ठळक रेघ होती आणि शेजारी आणखी एक, शिसपेन्सिलीने ओढून खोडरबराने पुसल्यासारखी.

काडीताईने ती काडी खिडकीच्या उजेडात धरली. चष्मा लावून पाहिली, कपाळावर सरकवून पाहिली. दोन्ही वेळा रेघ होती.

“नीट बघून घे,” मालकीण म्हणाली. “नंतर म्हणशील, बाईला दिसत नव्हतं.”

सकाळचे सव्वाअकरा झाले होते. तिसऱ्या मजल्यावर चढून आल्याने काडीताईचे गुडघे अजून ठणकत होते. वर येताना जिन्यात एक बॅग, एक बादली आणि एक टेबलफॅन असा संसार मांडलेला तिला दिसला होता आणि त्याच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली शिडी. तिच्या उंचीमुळे सगळे तिला शिडीच म्हणत. नऊ वर्षं ती या घरात राहून धंदा करत होती. तिने काडीताईच्या पदराला हात घातला होता आणि एवढंच विचारलं होतं, “ताई, खरं सांग, मला लागण झाली का?”

“मला आधी बघू दे,” असं म्हणून काडीताई वर आली होती.

आता तिने पाहिलं होतं आणि काय झालं ते तिला कळलं होतं.

ती स्वतः या गल्लीत अकरा वर्षं धंद्याला बसली होती. आता आरोग्य केंद्राच्या वतीने घरोघर एचआयव्हीच्या तपासणीच्या काड्या वाटायची, म्हणून हे नाव. हिरड्यांवरून काडी फिरवायची, बाटलीतल्या पाण्यात उभी करायची आणि वाट बघायची. पूर्वी तपासणीला केंद्रावर जावं लागे. तिथला बाक रस्त्याच्या तोंडाशी. त्यावर जी बसली तिचा रिपोर्ट रक्त काढायच्या आधीच गल्लीने ठरवलेला असे. म्हणून कोणी जात नसे. काडी आली आणि हे बदललं. आपलं दार, आपला हात, आपलेच डोळे. दोन वर्षांत तिच्या घरांमधल्या चार जणींना दोन रेघा दिसल्या होत्या. चौघी केंद्रावर गेल्या, रक्त तपासून खात्री झाली, गोळ्या सुरू झाल्या. चौघीही आज हिंडत-फिरत होत्या, भांडतही होत्या. त्यातली पहिली ती स्वतः. इतरांना दाखवण्याआधी आपण करून बघावं म्हणून तिने काडी वापरली होती.

पण केंद्राला हिशेब लागे. वाटलेल्या काड्या आणि वापरलेल्या काड्या यांचा आकडा जुळला पाहिजे. म्हणून तीच सगळ्यांना सांगत आली होती, ‘फेकू नका गं, डब्यात ठेवा, मी सकाळी नेते.’ काड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मुलींनी हसत-खिदळत आपापल्या नेलपॉलिशचे ठिपके लावले होते. त्या काड्या काल संध्याकाळी सहापासून डब्यात होत्या. आज सकाळी मालकिणीने डबा उघडला. कुणाची नखं कोणत्या रंगाची, हे तिला पाठ होतं. जांभळी नखं शिडीची.

“चूक माझी आहे, बाई,” काडीताई म्हणाली. “ही काडी वीस मिनिटं झाल्यावर आणि चाळीस मिनिटांच्या आत वाचायची. नंतर वाळता वाळता कधी कधी नसलेली रेघ उमटते. ती धरायची नाही.”

“रात्रीत रेघ उगवली म्हणतेस?”

“उगवते, बाई.”

“मग बाकी सहांवर का नाही उगवली?”

सगळ्यांवर येत नाही, एवढंच काडीताईला शिकवलेलं होतं. शिवाय एक जास्तीची गोष्ट तिला माहीत होती आणि ती तिने सांगितली: शिडीने काल पंचविसाव्या मिनिटाला स्वतः पाहिलं होतं तेव्हा एकच रेघ होती, आणि तसं तिने लगेच फोनवर कळवलंही होतं. मालकीण हसली. आपल्या ताकाला कोणी आंबट म्हणत नाही, असं ती म्हणाली.

मालकीण काही दुष्ट नव्हती. मागे शिडीला ताप आला होता तेव्हा हिनेच चार रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. पण गेल्या काही महिन्यांपासून ती काडीताईने न्यायच्या आधी डब्यातल्या एक रेघवाल्या काड्या आरशाखाली ओळीने मांडून गिऱ्हाइकांना दाखवू लागली होती. घर स्वच्छ आहे, बघा. मग गिऱ्हाईक म्हणे, स्वच्छ आहे तर निरोध कशाला? काडीताईने दोनदा समजावलं होतं की काडी गेल्या तीन महिन्यांचं काही सांगत नाही, आणि गिऱ्हाइकाची काडी तर कोणी बघितलेलीच नाही. दोन्ही वेळा मालकिणीने काड्या काढल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात परत मांडल्या होत्या.

“मी काही तिला नदीत ढकललेलं नाही,” मालकीण म्हणाली. “परत कर म्हणावं. आत्ता, माझ्यासमोर. एक रेघ आली तर बॅग आत.”

काडीताईने सांगितलं की कोणावर बळजबरी करून काडी करायची नसते आणि कोणी समोर बसून बघायचंही नसतं. यावर मालकीण काही बोलायच्या आत दारातून शिडीचा आवाज आला.

“करते मी. पण दार लावून.”

काडीताईने तिला विचारलं, खरंच तुला करायची आहे ना? शिडी म्हणाली, मला कळायला हवं, नाहीतर मला झोप लागायची नाही. अर्ध्या तासात काही खाल्लं-प्यायलं का? सकाळपासून पाणीही पोटात नाही, ती म्हणाली. काडीताईने पिशवीतून नवं पाकीट काढून दिलं. शिडी आपल्या जुन्या खोलीत गेली, आतून कडी लागली. काडी बाटलीत ठेवल्याची तिने हाक दिली तेव्हा काडीताईच्या मनगटावरच्या घड्याळात अकरा बत्तीस झाले होते.

दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. बाकीच्या मुली उगाचच केस विंचरत होत्या. चंदेरी नखांची म्हणाली, आमची शाळेतली परीक्षा बरी होती, निदान नापास झालं तर घरीच ठेवत. कोणी हसलं नाही. मालकीण भिंतीकडे बघत होती.

“झाली वीस मिनिटं.”

“तुमच्या घड्याळाची झाली, बाई.”

भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे पळत असे. काडीताईने सांगितलेल्या अकरा बत्तीसपासूनची मिनिटं मालकीण त्यावर मोजत होती. काडीताईच्या घड्याळात दहाच मिनिटं झाली होती.

“ते गिऱ्हाइकांना लवकर उठवायला आहे,” मालकीण पुटपुटली. मग हळूच म्हणाली, “मलाही नऊ वर्षांची सवय आहे गं तिची.”

अकरा सत्तावन्नला कडी निघाली. शिडी बाहेर आली. काडी तिने रुमालात गुंडाळून मुठीत धरली होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मालकिणीने हात पुढे केला.

“दाखव.”

“मी बघितली माझी.”

“बघितलीस ना? मग दाखवायला काय होतं?”

“आज दाखवली तर दर महिन्याला दाखवावी लागेल. मग हिला, मग तिला.” शिडीने मुलींकडे पाहिलं. “तोंड उघडून दात दाखवायला मी बाजारातलं जनावर नाही, बाई.”

“म्हणजे दोन आल्या.”

“तुम्हाला काय समजायचं ते समजा.”

मालकिणीचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने तो पदराला पुसला, जणू ओला झाला होता.

शिडीने बॅग खांद्याला अडकवली, बादली उचलली. काडीताईने आधी डबा पिशवीत टाकला, मग टेबलफॅन उचलला. फॅन दिसतो त्यापेक्षा जड होता. त्या एकेक पायरी उतरू लागल्या. कुठे जाणार, असं काडीताईने विचारलं. चार दिवस बहिणीकडे, मग बघू, शिडी म्हणाली. बहीण विचारणार नाही, तिला विचारायची भीती वाटते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गजांतून ऊन येत होतं. काडीताईने फॅन खाली ठेवला आणि गुडघा चोळला. मग सांगितलं की मलाही दाखवलं पाहिजे असं नाही. फॉर्ममध्ये निकालाच्या रकान्यात ‘सांगितला नाही’ असं लिहिता येतं, पुष्कळ जणी तसं लिहायला लावतात.

शिडीने बादली पायरीवर टेकवली आणि रुमालाची घडी उलगडली.

“वेळ आहे ना अजून?”

काडीताईने मनगटाकडे पाहिलं आणि चष्मा खाली ओढला. बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. चौतिसावं मिनिट. काडीच्या पाठीवर कुठल्याच रंगाचा ठिपका नव्हता. खिडकीत एक रेघ होती.