कांताबाईंच्या मायचा तवा

जुन्या रेकॉर्डींचं काम करणाऱ्याला लोक रिकामटेकडा समजतात. महाल भागातल्या माझ्या खोलीत येतात, आजोबाचा तवा, म्हणजे जुनी रेकॉर्ड, टेबलावर आपटतात आणि म्हणतात, उन्मेषभाऊ, जरा खरखर काढून द्या ना. जसं काही मी इथं भांडे घासून राहिलो! माइक यायच्या आधीचे तवे हे. गाणारी बाई भोंग्यात तोंड घालून गायची. मी ते साफ करतो आणि त्यातल्या गाण्यांचे संच काढून विकतो. माझा नियम एकच. गाणं संपलं की ती बाई आपलं नाव मोठ्यानं सांगायची, कारण तवा परदेशात छापला जायचा आणि तिथल्यांना कोण गायलं ते कळायला पाहिजे. बाकीचे लोक ते नाव कापतात. मी कापत नाही. मेलो तरी नाही.

खाप्याच्या कांताबाई आल्या त्या लेकीचा, मायाचा, हात धरून. वय ऐंशीच्या वर. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तवा, त्याच्यावरचा कागद कधीचाच झडलेला, त्यामुळे गाणारीचं नाव कुठंच नाही. कांताबाई चालायला लागायच्या आधीच त्यांची माय गेली. फोटो नाही, काही नाही. ही तुझी माय गाते, असं सांगून बापानं तो तवा आणून दिला होता. लहानपणी शेजाऱ्यांच्या मशीनवर ऐकायच्या, शेवटाला सुई उडून जायची. लग्नानंतर मशीन कुठून येणार? आता कान जात चालले होते. त्याआधी मायचा आवाज एकदा साफ ऐकायचा, बस, एवढंच मागणं होतं.

तवा उजेडात धरला आणि मला हिशोब लागेना. हा भोंग्याच्या काळातला. तेव्हा यांची माय जन्मली तरी होती का, शंकाच होती. पण असा तवा मी दुसरा पाहिला नव्हता. मी चूप बसलो. फुकट करून देतो, म्हटलं, फक्त माझ्या संचात घेऊ द्या. माया तर पायाच पडायला लागली.

शेवटचा भाग पार खरवडलेला होता. काय सांगू बाप्पा, असं काम मी जिंदगीत केलं नाही. सुया बदलल्या, वेग बदलला, आवाजाचे तुकडे एकेक करून जोडले. एका दुपारी नाव निघालं, एकदम ठसठशीत. मैनाबाई, कामठीवाली. मी एकटाच उठून टाळ्या वाजवल्या.

कांताबाईंच्या मायचं नाव सुंदरा. मी फोन करून मायाला सांगून टाकलं. ती रडली. मग म्हणाली, भाऊ, तुमच्या संचात नाव ठेवा, आईला ऐकवताना तेवढं काढा. दोन मिनिटांचं काम होतं. पण माझं डोकंच फिरलं. एका बाईचं नाव इतक्या वर्षांनी वर आलं आणि तुम्ही ते पुन्हा गाडायला सांगून राहिल्या, लाज नाही वाटत? माया म्हणाली, मग ऐकवूच नका. पण म्हातारी कुठली थांबते! दुसऱ्या दिवशी एसटीनं दोघी हजर.

मी आवाज मोठा केला. कांताबाईंनी डोळे मिटले, मान डोलायला लागली. "माय वं," एवढंच हळू म्हणाल्या. गालावरून पाणी चाललं होतं आणि चेहरा हसरा. माया माझ्याकडं पाहून हात जोडून उभी होती. मी मशीनकडं पाहत राहिलो.

गाणं संपलं आणि नाव आलं. कांताबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं.

"हे कोण व्हय?"

मी स्पष्ट सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही. "गाणारी. तुमची माय नाही ही. रडणाऱ्या पोरीला गप्प करायला बापानं काहीतरी सांगितलं असंल."

माया भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कांताबाई रडल्या नाही. त्यांनी मला विचारलं, "मंग माही माय कशी बोले गा?"

आता ते मला कसं माहीत असणार? मी तवा कागदात गुंडाळला आणि घरी नेता का म्हणून पुढं धरला. त्यांनी हात पुढं केला नाही. मग राहिला माझ्याकडंच.