बिनखुणेचा शब्द

गिरीशरावांनी जाडजूड अरबी शब्दकोश उलटा धरून झटकला. उमैरचं पत्र पडलं नाही. होळीच्या सुमारास आलेलं, उत्तर न दिलेलं पत्र. आज सकाळी बातम्यांत उमैरच्या गावाजवळचं एक गाव जळताना दिसलं होतं. त्यांनी कोश पुन्हा झटकला.

“पुस्तकाला मारून काय मिळणार, बाबा?” दारात त्यांची सून, निमिषची बायको विभा उभी होती. “माझ्याकडे आहे ते.”

“फाडलंस?”

“फाडणारच होते. निमिष म्हणाला, आधी बाबांना विचार.” तिनं घडी पुढे केली, पण बोटांतून सोडली नाही. “आपण सगळे इथं परक्या देशात त्याच्या इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर आहोत. सुदानमधला माणूस बंदुका मागतो आणि तुम्ही पत्र जपून ठेवता!”

“बंदुका मागतो असं कुठं लिहिलंय?”

“मग तुम्ही इतके दिवस उत्तर का नाही दिलंत?”

गिरीशरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

पूर्वी इथल्या रास अल खैरच्या प्रकल्पावर ते नकाशे सांभाळत, उमैर गाडी चालवी. जेवणाच्या सुट्टीत ते त्याला हिंदी शिकवत, तो त्यांना अरबी. ‘सलाह’ हा हिंदी शब्द ऐकून तो हसत सुटला होता.

“हमारे में सिलाह मतलब हथियार! आप लोग एक-दूसरे को रोज देते हो?”

“रोज. और मुफ्त में.”

मग तिकडे सुदानमध्ये यादवी पेटली. लेक उमामा गावात होती म्हणून उमैर परत गेला. गाव अगदी सरहद्दीवर. फोन बंद पडले. जिद्दाच्या एका दुकानदारामार्फत हा कागद आला, हिंदी मजकूर अरबी अक्षरांत. घोडेवाले येतात, दोन गावं जाळली, गावानं मिळून ठरवलंय, आणि शेवटी: हमको अमुक चाहिए. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, तो शब्द दोन्ही वाचता येई. सलाह की सिलाह?

उमैरनं एकदा विचारलं होतं, दगड फोडायची दारू कुठे ठेवतात. तेव्हा ते सहज वाटलं. पत्र आल्यापासून मात्र ते वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होतं. हिंदी शिकणं, एका डब्यात जेवणं, हे सगळं त्यासाठीच होतं का?

“द्या ना इकडे,” ते सुनेला एकदम अहोजाहो करून बोलले. विभानं गडबडून घडी सोडली.

भिंग धरून ते पहिल्या ओळीपासून वाचू लागले. प्रत्येक अक्षराच्या वर-खाली बारीक रेघा होत्या. लहान मुलांच्या पुस्तकात स्वरांसाठी देतात तशा: वर रेघ म्हणजे ‘अ’, खाली म्हणजे ‘इ’. गिरीशराव वाचताना अडखळत, म्हणून उमैर त्यांच्यासाठी त्या न चुकता काढी. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. सगळ्या कागदात तो एकच शब्द उघडा होता, एकही रेघ नसलेला.

“विसरला नाही तो,” ते म्हणाले. “मुद्दाम सोडलंय.”

“काय?”

“खूण. पत्र कुणी पकडलं तर मी म्हणायचं, सल्ला मागतोय. आणि मला नाही म्हणायचं असलं, तरी तसंच वाचायचं.”

विभा पलंगाच्या कडेला बसली. “म्हणजे बंदुकाच हव्यात त्यांना.”

“हो.”

“आणि तो तुम्हालाच सांभाळतोय.”

त्यांनी कोरा कागद ओढला. उमैरनं एकदा डब्यावर बोटानं पाणी ओढून आपली नदी दाखवली होती. वर्षभर कोरडी, पावसात दुथडी. पलीकडे दुसरा देश. अडखळत, प्रत्येक अक्षराला रेघ देत ते लिहीत राहिले: हथियार माझ्याकडे नाही. नदीला पाणी येण्याआधी उमामाला, सगळ्या बायकामुलांना पलीकडे ने. माझ्याकडे एवढी एकच सलाह आहे. त्या शब्दावर त्यांनी रेघ जरा जाडच काढली, वरच्या बाजूला.

“तिकडे पाऊस कधी सुरू होतो, बाबा?”

गिरीशरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आषाढ लागला होता. पाकिटामागे त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता लिहिला. विभानं तो वाचला आणि डिंकाची बाटली पुढे सरकवली.

पोस्टातल्या कारकुनानं पाकीट उलटसुलट केलं. जिद्दाच्या दुकानाचा पत्ता, मागे भारतीय नाव. आत काय आहे, त्यानं अरबीत विचारलं.

‘सलाह’ हा शब्द अगदी ओठांवर आला. गिरीशरावांनी तो गिळला.

“कागद,” ते म्हणाले. “नुसता कागद.”

शिक्का पडला.