चपट्या डोक्याची शेगडी

गोपीनाथ परुळेकरने शेवटी चपट्या डोक्याची शेगडी घेतली. झालं, गोष्ट संपली. आता असं समजू या, की हे वाक्य कोणी लिहिलंच नाही. कारण गोपीनाथ अजून दुकानातच उभा आहे आणि त्याच्यासमोर लाकडावर चालणाऱ्या दोन शेगड्या आहेत.

दोन्ही काळ्या, दोन्ही बिडाच्या, दोन्ही चार पायांवर उभ्या. फरक एवढाच, की एकीच्या दाराला काच होती आणि धुराडं डोक्यातून निघत होतं. दुसरीचं दार नुसतं लोखंडी, धुराडं पाठीतून, आणि डोकं पाटासारखं चपटं.

"दोनों एक ही माँ की बेटियाँ हैं, साहब," दुकानातला पेशावरी विक्रेता रहमतुल्ला म्हणाला. "आँख बंद करके एक उठा लो."

डोळे मिटून उचलायला ही काही कोथिंबिरीची जुडी नव्हती. तुरैफच्या सरकारी रुग्णालयात गोपीनाथ एक्स-रे काढायचा. अकरा वर्षं तो लोकांना अरबीत "श्वास रोखा" सांगत आला होता, आणि आज त्याचा स्वतःचाच रोखला गेला होता. सौदी म्हटलं की लोकांना वाळू नि घाम आठवतो. पण जॉर्डनच्या सीमेजवळच्या या गावात डिसेंबरात नळ गोठतात. कणकवलीला सुट्टीवर गेला असताना त्याने हे एकदा सांगून पाहिलं होतं. मेहुण्याने त्याला कोकम सरबत दिलं आणि जरा पडायला सांगितलं.

त्याच मेहुण्याची बहीण, म्हणजे गोपीनाथची बायको श्यामला, आता त्याच्या शेजारी उभी होती. अबायाच्या काळ्या झग्याआत दोन स्वेटर होते, त्यामुळे ती किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसत होती. मुलगी शिवांगी यंदा पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच श्यामला मोकळी झाली. कणकवलीच्या एसटी स्टँडवर ती चौकशीच्या खिडकीत बसायची. बिनपगारी रजा टाकून ती तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती, आणि येतानाच बजावून आली होती, "जमलं तर तिथेच राहते. नाहीतर माझी खिडकी बरी."

आल्यापासून ती रजईत होती. रजईतून फक्त नाक बाहेर, तेही कामापुरतं. विजेचा हीटर लावला की अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडायचा. गोपीनाथच्या डोक्यात गणित पक्कं झालं होतं: घर तापलं तर बायको राहील, नाही तापलं तर जाईल.

आणि त्याला काचेची हवी होती. इतकी वर्षं एकटा जेवताना त्याने एक चित्र रंगवलं होतं. त्यात दोन खुर्च्या होत्या, चहा होता आणि समोर दिसणारा जाळ होता. चित्रात जाळ दिसत होता म्हणजे काच आलीच.

"हा तर बंबच की हो," श्यामला चपट्या शेगडीभोवती फिरून म्हणाली. "पाणी कुठून ओतायचं?"

"पाणी नाही ओतायचं. हिने खोली तापते."

"नुसती खोली?"

"नुसती."

"एवढी लाकडं जाळून आंघोळीचं पाणीसुद्धा नाही? ह्या लोकांना कोणी सांगत नाही का?"

"मॅडम क्या फरमा रही हैं?" रहमतुल्लाने विचारलं.

"पूछ रही हैं, पानी कहाँ डालते हैं."

रहमतुल्लाने वाकून शेगडीत डोकावून पाहिलं. इतकी वर्षं शेगड्या विकून त्यालाही क्षणभर शंका आली असावी.

गोपीनाथने बाजूला जाऊन यान्बूला दत्तात्रयला फोन लावला. दत्तात्रय त्याचा जुना रूममेट, आता तिकडच्या एका कारखान्यात होता. यान्बूत जानेवारीतही पंखा लागतो, त्यामुळे शेगड्यांबद्दलची त्याची मतं अनुभवाने कुठेही बिघडलेली नव्हती.

"काचेची घे," दत्तात्रय म्हणाला. "विचार कसला करतोस? वहिनी आल्यात, समोर जाळ बघत बसा."

"काच तडकली तर?"

"तडकू दे. अकरा वर्षं ती तिथे, तू इथे. काचेचं काय घेऊन बसलास?"

गोपीनाथ परत आला. तेवढ्यात श्यामलाने चपट्या डोक्यावर वीत लावून माप घेतलं होतं.

"इथे आपलं मोठं पातेलं बसतं," ती म्हणाली. आल्यापासून तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला होता.

गोपीनाथने काचेकडे एकदा पाहून घेतलं. "खलास," तो रहमतुल्लाला म्हणाला. "वो चपटा सिर वाली."

घरी आणल्यावर दुसरा प्रश्न आला. भाड्याच्या घराला धुराडं नव्हतं आणि भिंतीला भोक पाडायला मालकाची बंदी होती. पण एक भोक मालकाने स्वतःच पाडून ठेवलं होतं, एसीचं. तुरैफमध्ये सगळे तेच करायचे. हिवाळ्यात एसी काढायचा, त्या चौकोनातून नळकांडं बाहेर सोडायचं, उरलेल्या जागेला प्लायवूड ठोकायचं. उन्हाळ्यात उलट. शेजारचा जमालुद्दीन रुग्णालयाची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा, मूळचा हैदराबादचा. "यल्ला, यल्ला", म्हणजे चला-चला, करत त्याने एसी उतरवून खाटेखाली सरकवला आणि शेगडी जोडून दिली.

श्यामलाने शिवांगीला फोन केला. "अगं, अख्ख्या जगाला तेल पुरवणारा देश, आणि मी इथे चुलीसमोर बसून फुंकतेय. तुझ्या मामाला सांगू नकोस."

खोली तापली. शेगडीवर मोठं पातेलं चढलं. गोपीनाथने दोन खुर्च्या समोर मांडल्या आणि ती दोघं लोखंडी दाराकडे बघत चहा प्याली.

"काय दिसतंय?" श्यामलाने विचारलं.

"दार," गोपीनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमालुद्दीनची बायको खैरुन्निसा बादली घेऊन आली. तिच्याकडचा गीझर गोठला होता. "भाबी, थोड़ा गरम पानी मिलिंगा क्या?" पाणी तापेपर्यंत ती बसली. बसली ती दुपारच्या अजानीपर्यंत. दुसऱ्या दिवशी ती खालच्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईला घेऊन आली. मग रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक फिलिपिनो नर्स "फक्त हात शेकते" म्हणून शिरली आणि शेगडीला पाठ लावून झोपून गेली.

या सगळ्यांच्या घरी शेगड्या होत्या, पण डोक्यातून धुराडं निघणाऱ्या. त्यांच्यावर साधा कपही ठेवता येत नव्हता. श्यामलाकडे पाणी होतं, चहा होता, रताळी भाजत पडलेली होती. खैरुन्निसा दखनी बोलायची, मिसरी बाई अरबी, नर्स इंग्रजी आणि श्यामला मालवणीकडे झुकणारं मराठी. कोणाला कोणाचं किती कळत होतं ते देव जाणे, पण भांडणंसुद्धा व्हायला लागली. म्हणजे कळत असणार.

"त्या मिसरीणीचा नवरा तिला बाजारात नेत नाही," श्यामला जेवताना सांगायची. "मी तिला म्हटलं, रोज सकाळी त्याच्या चपला लपव."

"कुठल्या भाषेत म्हटलंस?"

"चपला दाखवून."

गोपीनाथ ड्यूटीवरून यायचा तेव्हा दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग असायचा आणि आत त्याला मज्जाव. मग तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरून कोट, टोपी, हातमोजे घालून गोठत बसायचा. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा. ज्या घरात इतकी वर्षं फक्त फ्रिज बोलत होता, तिथे आता त्याला बसायला जागा नव्हती. इतका सुखी तो कधीच नव्हता.

जानेवारीच्या शेवटी एकदा पोळी लाटता लाटता श्यामला म्हणाली, "व्हिसा वाढवून मिळतो ना?"

"मिळतो की." गोपीनाथने घास तसाच हातात धरला.

"मग रजा वाढवते. थंडी आहे तोवर तरी."

"आणि मग?"

"मग बघू. ह्या बायका आहेत तर मला करमतंय हो. नुसत्या चार भिंतींशी मी काय बोलणार?"

त्या दिवसापासून गोपीनाथ हवामानाच्या बातम्या शेअर बाजारासारख्या बघू लागला. पारा खाली गेला की त्याचा चेहरा खुलायचा. फेब्रुवारीत एका सकाळी बर्फ पडला. गावात शाळा बंद झाल्या, गाड्या घसरल्या, आणि गोपीनाथने रुग्णालयात बसबूसा वाटला. सहकाऱ्यांनी मिठाई खाल्ली आणि या वयात बाप होणार म्हणून त्याला मिठ्या मारल्या. त्याने नाकारलं नाही. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाच एक्स-रे काढला असता.

मार्च सरला आणि ऊन वर आलं. खैरुन्निसाचा गीझर आपोआप सुरू झाला. नर्स परस्पर घरी जाऊ लागली. मिसरी बाई जिन्यात भेटली की हात हलवायची, पण वर येत नव्हती. उन्हाला बाहेर ठेवण्यासाठी सगळ्यांनी दारं लावून घेतली. बोलवायला जावं तर खैरुन्निसा म्हणायची, "आऊँगी भाबी, जरूर आऊँगी." तिच्या घरात एसी घुमत असायचा.

गोपीनाथ दुपारी घरी आला तर दाराबाहेर एकच जोड, श्यामलाचा. आत सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि तरीही शेगडी पेटलेली होती. पातेलं काठोकाठ भरून वाफाळत होतं. श्यामला पदराने वारा घेत समोर बसली होती.

"उकडत नाही?" त्याने विचारलं.

"उकडतंय ना." ती हसली. "म्हटलं, एखादी येईल."

तो दुसऱ्या खुर्चीवर बसला. दोघांना घाम फुटला. कोणी उठलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "एसी बसवून घ्या आता. मी गुरुवारचं तिकीट बघायला सांगितलंय."

"पुढच्या डिसेंबरात?"

"रजा उरली असती तर आले नसते का?"

बुधवारी जमालुद्दीन आला. त्याने नळकांडं उतरवलं, प्लायवूड काढलं. भिंतीतल्या चौकोनातून झगझगीत ऊन थेट खोलीत पडलं. आतल्या खोलीत श्यामला बॅग भरत होती आणि पातेलं न्यावं की ठेवावं हे तिचं ठरत नव्हतं. ते घालत असल्याचा आणि काढत असल्याचा आवाज येत होता.

"साब, लगा दूँ?" एसी पोटाशी धरून जमालुद्दीनने विचारलं.

"एक मिनिट," गोपीनाथ म्हणाला, आणि त्या चौकोनासमोर उभा राहिला. अकरा वर्षं त्याने रजेचे अर्ज लिहिले होते, त्यामुळे मजकूर डोक्यात आपोआप जुळत गेला:

प्रति, माननीय संबंधित अधिकारी, यांच्या सेवेशी. तुरैफ येथील थंडी कोणतीही पूर्वसूचना न देता मागे घेण्यात आली असून त्यामुळे अर्जदाराची अतोनात गैरसोय झाली आहे. सबब सदर थंडीस आणखी तीन महिने मुदतवाढ मिळावी. संपूर्ण गावासाठी ते शक्य नसल्यास, निदान आमच्या जिन्यापुरती तरी ती मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.