सहा इंच बाजूला

उभे स्टड आठ. आडव्या पट्ट्या दोन, एक फरशीवर ठोकलेली आणि एक छताला. जिप्समचे बोर्ड अकरा. आवाज अडवणाऱ्या काचेच्या लोकरीचा गुंडाळा एक. स्क्रू चारशे ऐंशी, त्यांतले अकरा वाकडे गेले म्हणून फेकले. मुकुंदवाडीतल्या मोतीराम मिस्त्रींच्या घरात, वरच्या मजल्यावर, नवी भिंत उभी राहिली ती एवढ्या सामानातून. विटा शून्य.

मित्रांनो, त्या आठ स्टडपैकी दाराकडून तिसरा मी. स्टड म्हणजे भिंतीच्या पोटात उभा राहणारा पत्र्याचा खांब. उंची दहा फूट, रुंदी दोन इंच, पत्र्याची जाडी फक्त अर्धा मिलिमीटर. एखादी जुनी खुर्ची किंवा जुने घड्याळ आपली कहाणी सांगते, तेव्हा निदान ती वस्तू सगळ्यांच्या नजरेसमोर असते. मी जुना नाही, आठच महिन्यांचा आहे. पण एक दुपार वगळली तर अंगावर बोर्ड चढल्यापासून मी अंधारात उभा आहे, आणि माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

वाळूजकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आधी मी जस्ताचा लेप दिलेली सपाट पट्टी होतो, बोटाने दाबली तरी वाकणारी. मग मला लोखंडी रुळांच्या जोड्यांमधून ओढले गेले. प्रत्येक जोडीने माझ्या कडा थोड्या थोड्या दुमडल्या आणि शेवटी मी पन्हाळीसारखा होऊन बाहेर पडलो. पत्रा तोच होता, जाडी तीच होती. पण आता मी ताठ उभा राहू शकत होतो. माझी ताकद घडीमुळे आहे. हे ज्याला समजत नाही तो मला 'पोकळ' म्हणतो.

या घरात मला पहिल्यांदा पोकळ म्हटले ते गोजरबाईंनी. त्या मोतीराम मिस्त्रींच्या पत्नी. खालच्या मजल्यावर त्यांचे शिवणकामाचे दुकान आहे. मोतीरामांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले, हे घरही स्वतःच्या हातांनी बांधले. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगाला लकवा मारला. ते दवाखान्यात असतानाच वरच्या मोठ्या खोलीत एक भिंत घालून, बाथरूमच्या बाजूला त्यांच्यासाठी वेगळी खोली करायचे ठरले. मुलगा राजकुमार विटांचे विचारायला गेला, तेव्हा मोतीराम पलंगावरूनच अडखळत म्हणाले होते, "ईट नाय. खाली बीम नाय." ज्याने स्लॅब टाकली त्यालाच तिच्यावर किती ओझे चालेल ते ठाऊक. म्हणून मी आलो.

मला उभे केले ते गोकुळने. चांगला कारागीर. प्रत्येक स्टडला पाणसळ लावून बघायचा आणि बुडबुडा मधोमध आल्याशिवाय स्क्रू मारायचा नाही. दारापासून दोन फुटांवर दुसरा स्टड, चार फुटांवर मी, सहा फुटांवर चौथा. बोर्ड चढवण्याआधी तो राजकुमारला म्हणाला, "राजूभाई, मापं लिहून घ्या. एकदा बोर्ड लागला की आत कोण कुठं हाय, ते मलाबी कळत नाय."

राजकुमार शेंद्र्याच्या एका कंपनीत तपासनीस आहे. त्याने साधी मापे लिहिली नाहीत, नकाशाच काढला. खाली तारीख, सही, 'नकाशा क्रमांक एक'. तो कागद त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आपल्या जागेची कुणीतरी नोंद केली म्हणून मला बरे वाटले होते.

बोर्ड लागले, सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग झाला. गोजरबाईंनी बोटाच्या पेराने भिंत ठोकली. टक टक.

"अगं माय, ही भिंत हाय का बुटाचा खोका?"

"माय, कंपनीत सगळीकडं अशाच भिंती असतात," राजकुमार म्हणाला.

"मंग तुझ्या बाला कंपनीतच झोपव."

दोन दिवसांनी मोतीराम घरी आले, चाकांच्या खुर्चीवर. खुर्ची दारात अडकली. दार अडीच फुटांचे होते, खुर्चीवर धरलेले हात घासू लागले. गोकुळ पुन्हा आला. त्याने दाराकडचा पहिला स्टड काढून सहा इंच माझ्या बाजूला सरकवला, बोर्ड कापला, चौकट नवी बसवली. दार तीन फुटांचे झाले. आम्ही बाकीचे होतो तिथेच होतो. पण दाराची कड आमच्याजवळ सरकली होती. आता मी दारापासून चार फुटांवर नव्हतो, साडेतीन फुटांवर होतो.

कपाटातल्या कागदावर मात्र चारच राहिले.

पुढचे दोन महिने मी भिंतीतून ऐकत राहिलो. क्रांती चौकाजवळून व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या. मोतीराम खुर्चीतून उठायला शिकले, मग काठी धरून उभे राहायला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. "बाथरूमला माझं मी जाईन. लेकराच्या हातानं नाय." बाई म्हणाल्या, "मग भिंतीला दांडा बसवून घ्या. धरून चालतील."

राजकुमार स्टीलचा सात फुटी दांडा घेऊन आला. गोजरबाई म्हणाल्या, "गोकुळला बोलव."

"कशाला? माप कागदावर हाय ना."

"कागद भिंतीला धरून ठेवणार हाय का?"

"माय, नकाशा म्हणजे नकाशा. आम्ही त्याच्यावर मशिनी बनवतो."

त्याने दारापासून टेप धरला. दोन फूट, चार फूट, सहा फूट. तीन खुणा केल्या आणि ड्रिल चालवले. मित्रांनो, ते टोक माझ्यापासून बरोबर सहा इंचांवर आत शिरले. बोर्डाचा भुसा पडला आणि पुढे काहीच लागले नाही. पत्रा लागला असता तर किरकिर झाली असती, हाताला धक्का बसला असता. आवाज झाला नाही, हीच तर खबर होती! मी भिंतीच्या आत उभा, तोंड नाही, हात नाही, आणि समोर माझ्या नावाने पोकळीत भोके पडत होती. राजकुमारने त्यांत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले आणि दांडा हलवून पाहिला. नुसत्या हाताने हलवला तर कुठलाही दांडा घट्टच वाटतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम दांडा धरून निघाले. चौथ्या पावलाला डावा पाय मुडपला आणि सगळा भार दांड्यावर आला. बोर्डाचे तुकडे घेऊन मधली गिट्टी निघाली, मग दाराकडची. ते गुडघ्यावर पडले. हाड मोडले नाही. पण राजकुमार उचलायला धावला, तेव्हा ते त्याचा हात झटकून म्हणाले, "लघवीचं भांडं हितंच आणून ठेवा. नाय चालायचं मला."

नऊ दिवस ते उठले नाहीत. बाई दोनदा येऊन सांगून गेल्या, "बसून राहिले तर गुडघा आखडेल. मग पुढं मलाही काही करता येणार नाही." मोतीराम भिंतीकडे तोंड करून पडून राहत. घरातले सगळे एकच बोलत, भिंत पोकळ, भिंत कुचकामी. मुकुंदवाडी स्टेशनात गाडी शिरली की भिंत किंचित थरथरते, एवढाच माझा आवाज. त्याला कोण उत्तर समजणार?

दहाव्या दिवशी गोजरबाई भिंतीखालची फरशी साफ करायला बसल्या. पडलेल्या सुया गोळा करायला दुकानात त्या दोरीला बांधलेले लोहचुंबक वापरतात. सांडलेला एखादा स्क्रू कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून तेच त्यांनी फरशीवर फिरवले. उठताना ते भिंतीला घासले आणि चिकटले. त्यांनी ओढून काढले, एक वीत वर धरले. काही नाही. अजून थोडे वर, पुन्हा चिकटले. लांबीखाली दडलेल्या स्क्रूंची डोकी होती ती; सगळी माझ्याच अंगात मारलेली, फुटा-फुटावर, सरळ रेषेत.

"राजू, हिकडं ये. हितं लोखंड हाय."

राजकुमार आला. खुणेपासून टेप धरला. सहा इंच. दुसऱ्या स्टडपाशी, सहा इंच. चौथ्यापाशी, सहा इंच. मग कपाट उघडल्याचा आवाज आला.

"दार सरकवलं तवा नकाशा बदलायचा राहिला."

"कंपनीत असा राहिला असता तर?"

"घरी पाठवलं असतं."

"घरीच हायस. लाव फोन गोकुळला."

गोकुळने आल्या आल्या दोन्ही हात कपाळाला लावले. "राजूभाई, दीवार को पूछना पडता ना! आणि दांडा लावायचाय हे तवाच सांगितलं असतं तर मी आत फळी टाकून ठेवली असती. नुसत्या स्टडावरबी माणसाचं वजन द्यायचं नसतं."

खरे आहे, मित्रांनो. मी रागावलो होतो, पण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याने खोटा डौल मिरवू नये. गोकुळने कमरेच्या उंचीवर बोर्डाची लांब पट्टी कापली. प्रकाश आत आला, आणि त्या एका दुपारी मी पुन्हा घर पाहिले. पलंगावर मोतीराम उठून बसले होते. त्यांनी खुर्ची जवळ आणायला लावली, उजवा हात आत घालून माझी कड चाचपली, मग ओळंब्याच्या दोरीसारखी नजर वरपासून खालपर्यंत नेली.

"वळंब्यात हाय," ते म्हणाले. म्हणजे अगदी सरळ उभा आहे. आजवर मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

गोकुळने आम्हा स्टडांच्या मध्ये पाऊण इंची प्लायवूडची फळी घट्ट बसवली, बोर्ड पुन्हा लावला आणि दांड्याचे स्क्रू त्या फळीत उतरवले. या वेळी किरकिर झाली, भरपूर झाली.

"या मिस्त्री," गोकुळ म्हणाला.

"आधी त्याला लटकू दे," मोतीराम राजकुमारकडे बोट करून म्हणाले.

राजकुमार दोन्ही पाय उचलून लटकला. बहात्तर किलो. गोजरबाई हसल्या, "अजून थोडा वेळ ऱ्हा तसाच. नकाशा चुकल्याची शिक्षा."

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. भिंतीला काही टांगायचे असेल, कुणाला तिचा आधार द्यायचा असेल, तर आधी आत कोण उभे आहे ते शोधा. साधे लोहचुंबक पुरते. आणि घरात काही सरकवले तर कागदही त्याच दिवशी बदला. आम्ही वजन पेलायला तयार असतो. बाजूला भोक पाडून आम्हाला नावे ठेवू नका.

गोकुळ गेल्यावर राजकुमारने कपाटात 'नकाशा क्रमांक दोन' चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीरामांनी दांडा धरला. मोबाइलवर वेळ लावून राजकुमार मोठ्याने पावले मोजत होता, पण हात लावत नव्हता. बाथरूमपर्यंत जाताना एकोणीस पावले. परत येताना सतरा. चालण्याचा एकूण वेळ, पाच मिनिटे वीस सेकंद.