ओळीच्या टोकाची उलटी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी उलटी तिरपी रेघ आहे, इंग्रजीत मला बॅकस्लॅश म्हणतात. संगणकाच्या कळफलकावर एका बाजूला माझी कळ असते. तुमच्यापैकी कित्येकांनी ती कधी दाबलीही नसेल. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळाच आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

एका लहानशा ध्वनिमुद्रण केंद्रात माझा जन्म झाला. केंद्र चालवणाऱ्या बाईंना अधूनमधून संगणकाला एक लांबलचक आज्ञा द्यावी लागे: साठवलेले सगळे आवाज पुसून टाक, पण 'जपून ठेवा' या कप्प्यातले सोडून. ती एका ओळीत मावेना, निम्मी पडद्याबाहेर जाई. म्हणून बाईंनी साध्या मजकुराच्या फायलीत तिच्या दोन ओळी केल्या. पुसायचे ते पहिल्या ओळीत, सोडायचे ते दुसरीत. पहिलीच्या टोकाला त्यांनी मला उभे केले. माझे काम एवढेच, की संगणकाला सांगायचे, "थांब, वाक्य अजून संपलेलं नाही."

कित्येक वर्षे मी ते काम डोळ्यांत तेल घालून केले. नको ते जाई, जपायचे ते राही. बाई आपल्या मुलीला म्हणत, या रेघेच्या जिवावर मी निर्धास्त असते. ते ऐकून मी फुगून जात असे.

त्या कप्प्यात एका बसचालक काकांचा आवाज होता. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना बोलता येणार नव्हते. त्याआधी त्यांनी होणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी सांगून ठेवल्या. मध्येच खोकले, आपल्याच विनोदावर हसले.

मग बाईंचे जावई कामात आले. माणूस हुशार, हौशी, पण उतावळा. ती साधी फाईल त्यांना भिकारडी वाटली. त्यांनी सगळा मजकूर ठळक मथळ्यांच्या, देखण्या पानावर चढवला. त्या पानाच्या नियमात मी ओळीच्या शेवटी असले, की अर्थ एवढाच: इथे ओळ मोडा. पानाने ओळ मोडली आणि मला गिळून टाकले. दोन्ही ओळी होत्या तशाच दिसत होत्या, मी तेवढी नव्हते. जुन्या फायलीशी एकदा ताडून पाहा, असे बाईंनी बजावले होते. जावई हसून म्हणाले, नुसती नक्कल तर केलीय, त्यात काय चुकणार?

त्यांनी त्या पानावरून आज्ञा उचलली आणि चालवली. संगणकाला वाटले, पहिल्या ओळीतच वाक्य संपले. त्याने सगळे पुसले. दुसरी ओळ त्याला कळलीच नाही. जादा प्रत ठेवणारी यंत्रणाही इमानी, तिने जुन्या प्रतीच्या जागी रिकामा कप्पा जसाच्या तसा उतरवून घेतला.

नातू झाला तसे काका आणि काकू आवाज न्यायला आले. यंत्र बिघडले, असे जावई सांगू लागले. बाईंनी त्यांना मध्येच तोडले.

"जावईबापू, यंत्रावर खापर फोडू नका. आवाज आपण पुसलाय."

काका उठले. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ भराभर हलले, पण बाहेर आला नुसता वारा. काकूंनी ओठ वाचून सांगितले, "ते विचारताहेत, आता नातवाला मी ऐकवू काय?"

जावई पुटपुटले, "एक रेघ राहून गेली हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राहून गेली? मी राहून गेले नव्हते, मला काढून टाकले होते!

"तुमची रेघ राहिली," काकू म्हणाल्या, "यांचं बोलणंच राहिलं."

बाईंनी ते देखणे पान त्याच दिवशी काढून टाकले. मी पुन्हा माझ्या जागी आले. जावई आता प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचतात. तरी माझा राग जात नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचे लिहिलेले सजवायला बसाल, तेव्हा ज्या खुणेचा अर्थ कळत नाही तिच्याबद्दल आधी विचारा, मग हात लावा. परवा काकू बाईंना सांगून गेल्या, की काका नातवाला मांडीवर घेऊन रोज गोष्ट सांगतात. नातू त्यांच्या हलत्या ओठांवर बोट ठेवतो आणि आवाजाची वाट पाहतो.