पुरे म्हणणारा डबा

मी एक जुना चार्ज कंट्रोलर आहे, मित्रांनो. नाव भारदस्त, पण अंगाने जेवणाच्या डब्याएवढाच. छतावरच्या सोलर पॅनेलमधून वीज येते, खालच्या बॅटरीत भरते, आणि त्या दोहोंच्या मध्ये भिंतीवर मी बसतो. बॅटरीचं पोट भरलं की मी हिरवा दिवा लावतो आणि वरून येणारी वीज अडवतो. जन्मभर माझं काम एकच, वेळेवर ‘पुरे’ म्हणायचं. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा जोडल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि मला खोक्यात ठेवलं. तिथून मी आलो एका शिवणकाम करणाऱ्या सूनबाईंच्या घरी. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन. कोपऱ्यात बॅटरी, तिच्या वर फळी, फळीवर गिऱ्हाइकांचं कापड. आणि बॅटरीला खेटूनच सासऱ्यांची खाट, कारण औषधी वाफेच्या यंत्राची वायर तिथपर्यंतच पोचायची. सूनबाई सासऱ्यांना मामंजी म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो.

मामंजींना दमा होता. संध्याकाळी वीज हमखास जायची आणि नेमका तेव्हाच त्यांचा श्वास अडायचा. मग सूनबाई ते यंत्र बॅटरीवर लावत. छाती मोकळी झाली की मामंजी एक लांबलचक विनोद एका दमात सांगून दाखवत. विनोद तोच असायचा. पण तो पुरा झाला की घर निर्धास्त व्हायचं.

मग आभाळ भरून राहिलं. कितीतरी दिवस ऊन नाही. एका संध्याकाळी बॅटरी मध्येच संपली आणि यंत्र थांबलं. मामंजी खाटेची कड घट्ट धरून बसले, सूनबाई त्यांची पाठ चोळत राहिल्या. वीज परत आली, पण त्या दिवसापासून घरात जी धास्ती शिरली ती बाहेर पडेना.

ऊन पडल्यावर धाकटे दीर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दिसेल त्या वस्तूचे स्क्रू काढायची त्यांना भारी हौस.

“वहिनी, इकडे या. बघा या साहेबांना! भर दुपारी दुकान बंद करून बसलेत. छतावर एवढं ऊन वाया चाललंय.”

“अहो भावजी, बॅटरी भरली असेल.”

“भरते, तर मग त्या दिवशी संपली कशी?”

ढगांमुळे, असं मला सांगायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे! सूनबाई म्हणाल्या, “करा तुम्हाला वाटेल ते. मामंजींना कमी पडलं नाही म्हणजे झालं.”

माझ्या तारा सुटल्या. छतावरची तार थेट बॅटरीला जोडली गेली. मला फळीवर बटणांच्या बरणीशेजारी ठेवलं. रागाने नाही हो, सगळं प्रेमापोटीच. आग्रहाने वाढणारी माणसं होती ती. मामंजी ताटावर हात आडवा धरून “पुरे गं” म्हणायचे, आणि त्यांच्या बोटांवरून भाताचा डाव रिकामा व्हायचाच.

मित्रांनो, भरलेल्या बॅटरीत वीज कोंबत राहिलं की आतलं पाणी बुडबुडू लागतं. ते आटत जातं, बॅटरी तापते, फुगते, आणि आम्लाचे बारीक कण घेऊन, ठिणगीने पेटणारा वायू बाहेर पडतो. रोज दुपारी मी फळीवरून ती बुडबुड ऐकत होतो. धुळीचा त्रास नको म्हणून खिडकी बंद. खाली मामंजी पडलेले.

“सूनबाई, इथे काहीतरी कुजलंय गं.”

“उंदीर मेला असेल, मामंजी. बघते.”

“बघ बाई. मी अजून जिवंत आहे, एवढं मी सांगू शकतो.”

खाटेखाली उंदीर सापडला नाही. मामंजींचा खोकला मात्र वाढला. “बरं झालं तारा थेट जोडल्या, आता वाफ जास्त लागतेय,” दीर म्हणाले. फळीवरच्या पांढऱ्या सुती अ‍ॅप्रनना बारीक बारीक भोकं पडू लागली. सूनबाईंनी तीही उंदरांच्याच नावावर घातली.

आणि मग ती संध्याकाळ आली. वीज गेली. सूनबाईंनी यंत्र लावलं, ते घरघरलं आणि बंद पडलं. मामंजींच्या छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. वायर निघाली का बघायला सूनबाई वाकल्या, आणि त्यांचा हात बॅटरीच्या फुगलेल्या, तापलेल्या अंगाला लागला. नाकात तिखट वास चढला. वर फळी, फळीवर भोकांचं कापड. त्यांना एकदम कळलं.

तेवढ्यात दीरांनी खिशातून काडेपेटी काढली. “थांबा, मेणबत्ती लावतो.”

“काडी ओढू नका!” एवढ्या मोठ्याने त्या कधी बोलल्या नव्हत्या. “आधी खिडकी उघडा! मामंजींना बाहेर न्या!”

दीरांनी वडिलांना उचलून अंगणात नेलं, तिथून रिक्षाने दवाखान्यात. घरचे परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “यांना रोज ॲसिडचा धूर पाजत होतात तुम्ही. आणि काडी ओढली असती, तर खोलीच उडाली असती.” त्यावर दीर तोंड फिरवून रडले म्हणे.

जुनी बॅटरी भंगारात गेली. माझी सोबतीण होती ती. जाताना तिचं पोट कसं फुगलं होतं, ते मला विसरता येत नाही. नवी बॅटरी व्हरांड्यात, मोकळ्या हवेत बसवली आणि यंत्रासाठी लांब वायर आत ओढली. दीरांनी मला शर्टाच्या बाहीने पुसलं, तारा जोडणाऱ्याला बोलावून पुन्हा भिंतीवर लावलं. स्क्रूला स्वतः हात लावला नाही.

मामंजी घरी आले, पण पूर्वीचा दम आला नाही. विनोद आता दोनदा थांबून सांगतात. “मध्यंतर ठेवलंय,” म्हणतात. कोणी पटकन हसत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे डबे अनेक भिंतींवर आहेत. हिरवा दिवा लागला की आम्हाला कामचुकार समजू नका, आमच्या तारा सोडू नका. आणि बॅटरीला श्वास घ्यायला जागा ठेवा, तिच्याजवळ निजणाऱ्यालाही.

काल रात्री जेवताना मामंजींनी ताटावर हात आडवा धरला. सूनबाईंच्या हातातला भाताचा डाव तिथेच, हवेत थांबला. त्यांनी त्या आडव्या हाताकडे पाहिलं. मग डाव त्यांनी परत पातेल्यात ठेवला.

“बरं, मामंजी,” त्या म्हणाल्या.