गाडीतल्या घराचा कौल

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून देवपूजा होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा हा नेम शारजात, अल नहदामधल्या सहाव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्येही कधी मोडला नव्हता. खाली शाळेची बस हॉर्न वाजवत असायची आणि आमची नऊ वर्षांची आभा कावायची, "आई, जस्ट टेल मी, व्हेअर आर माय सॉक्स?" मी बोटाने दाखवायचे. एरवीही मी फार बोलणारी नव्हेच. त्या न बोलण्याचा मला थोडा गर्वच होता, असं आता वाटतं.

दोन हजार चारच्या सप्टेंबरात घरमालकाचं पत्र आलं. वर्षाचं भाडं अठरा हजार दिरहम होतं, ते जानेवारीपासून अठ्ठावीस. "म्हणजे साडेतीन लाख रुपये," हे म्हणाले आणि पत्राची घडी घालून खिशात ठेवली. हे दुबईत, अल क्वोजला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. पगार होता तेवढाच होता. बिल्डिंगमधल्या तीन घरांनी तोवर बायकामुलांना गावी धाडलं होतं. आमच्यापुढेही तेच दिसत होतं. मी आणि आभा कणकवलीला दिरांकडे, आणि हे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कंपनीच्या स्टाफ रूममध्ये, चौघांत एक. वर्षातून तीस दिवसांची रजा, तेवढाच संसार.

ते टळावं म्हणून ह्यांनी एक वाट शोधून काढली. त्यांच्या वर्कशॉपमधला इंग्रज इंजिनियर नोकरी सोडून चालला होता. त्याच्याकडे एक मोटरहोम होतं. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास सगळं असलेली लांबलचक गाडी. सुट्टीत तो ती घेऊन समुद्रकाठी जायचा. चाळीस हजारांत द्यायला तयार होता, आणि सगळ्यांत आधी ह्यांनाच विचारलं होतं. वर्कशॉपमागच्या यार्डात ती उभी करायला, वीज-पाणी जोडून घ्यायला मॅनेजरने होकार दिला होता. फ्लॅट सोडायचा आणि बारा महिने गाडीतच राहायचं.

जेवताना हे रोज दोन्ही बाजू मांडायचे. भाडं दिलं की गेलं. हप्ते संपले की गाडी आपली. पण बँक छत्तीस चेक आधीच सह्या करून घेणार, त्यातला एक जरी परत गेला तरी पोलीस केस. गाडी आठ वर्षांची जुनी. जुलैत पत्रा तापला की एसी पुरेल का? पाण्याची टाकी एक दिवसाआड भरायची, संडासाची टाकी आपणच रिकामी करायची. बायकामुलांच्या व्हिसाला घराचा भाडेकरार दाखवावा लागतो, पण आमचा व्हिसा नुकताच तीन वर्षांचा लागला होता, तोवर कुणी तो मागणार नव्हतं, पुढचं पुढे. एवढं सगळं बोलून झालं की हे विचारायचे, "तुला काय वाटतं?" मी आमटी वाढत म्हणायचे, "तुम्ही म्हणाल तसं."

एका शुक्रवारी आम्ही गाडी बघायला गेलो. ह्यांच्यासोबत काम करणारा, वसईचा बेसिल आणि त्याची बायको इसाबेलही आले होते. आभा शिडी चढून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर जाऊन लोळली आणि खाली उतरेचना. हे मला एकेक कप्पा उघडून दाखवत होते. ओट्याशेजारी एक छोटं कपाट होतं. ह्यांनी दोन दिवस आधी येऊन त्यात सागाचं फळकूट बसवलं होतं, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. "देव इथे," हे म्हणाले. "पूर्वेला तोंड येतं. मी होकायंत्राने बघितलंय."

"सुरेश, गाडी वळवलीस की पूर्व पण वळणार," बेसिल म्हणाला. "वैनी, तुमच्या देवाला रोज नवा व्ह्यू."

सगळे हसले. मीही हसले. पण मला त्या फळकुटापासून चार हातांवर संडासाचं दार दिसत होतं. खिडकीतून यार्ड दिसत होतं, तेलाने काळी झालेली वाळू, टायरांची रास, आणि पलीकडे लेबर कॅम्पच्या गच्चीवर वाळणाऱ्या लुंग्या. खरं सांगायचं तर संडासाचं आणि सोवळ्याचं मी मनातल्या मनात नुसतं निमित्त केलं. मला दिसत होती ती संक्रांत. आमच्या मराठी बायकांचा एक गट होता, आळीपाळीने हळदीकुंकू व्हायचं. माझ्या नेमांमुळे त्या मला मानायच्या. उद्यापन कसं करायचं, सुतक किती दिवस, मलाच विचारायच्या. त्यांना मी टायरांमधून वाट काढत बोलवू?

खालच्या मजल्यावरच्या अनुपमाला कुठूनसा सुगावा लागला होता. लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "अगं, गाडीत राहायला जाताय म्हणे? मग पत्रिकेवर पत्ता काय लिहायचा, नंबर प्लेट?" ती वाईट बाई नव्हे. तिला विनोद सुचला की राहवत नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. विचारलं तेव्हा उपास आहे म्हणून सांगितलं.

शेवटी हे म्हणाले, "माझं डोकं चालत नाही. आपण कौल लावू."

आमच्याकडे ही रीतच आहे. मोठ्या गोष्टीला देवाला विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ह्यांना इथली नोकरी घ्यायची की नाही, हेही असंच ठरलं होतं. पाकळ्या लावायचं काम माझं. हे म्हणायचे, तुझा हात शुद्ध आहे.

सोमवारी सकाळी बिल्डिंगखालच्या कण्हेरीची दोन फुलं आणली. मी मौनात होते. हे शर्टाची बटणं लावत होते, पाठमोरे. आमचा पितळी गणपती वीतभर उंचीचा आहे, खांदे चांगले रुंद. डावी पाकळी मी नुसत्या पाण्यात बुडवून लावली. उजवीच्या पाठीला मात्र सहाणेवरचं दाट गंध बोटभर लावलं आणि दाबून बसवली.

एवढंच केलं. त्याला वेळ कितीसा लागला? पण हात थरथरला नाही, हे आठवलं की अजून मान खाली जाते.

हे हात जोडून उभे राहिले. शहरात वाढलेल्या ह्या माणसाच्या तोंडी गाऱ्हाण्यापुरती वडलांची भाषा येते.

"बा गणराया म्हाराजा, ह्या गाडीतला घर तुझ्या लेकरांक लाभणारा असात तर उजवो कौल दी. नसात तर डावो दी. पण लेकरांची ताटातूट करू नको रे म्हाराजा."

शेवटचं वाक्य गाऱ्हाण्यात नसतं. ते ह्यांनी आपल्या मनाचं घातलं होतं.

पाच मिनिटांत डावी पाकळी घसरली आणि ताम्हनात पडली. हे थोडा वेळ उजवीकडे बघत राहिले. मग नमस्कार केला, बाहेर जाऊन बेसिलला फोन लावला आणि म्हणाले, "खलास. देव नको म्हणतो. तुला हवी असेल तर तू घे." मी पूजा पुरी केली, बोलायला मोकळी झाले आणि चहाला आधण ठेवलं. मी तर बोललेच नव्हते, म्हणजे खोटंही बोलले नव्हते. अशी मी स्वतःची समजूत घालत होते. कौलाची पाकळी आम्ही त्या दिवशी हलवत नाही, दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी काढतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच माझी अडचण आली, आणि नेहमीप्रमाणे चार दिवस पूजा ह्यांनी केली.

बेसिलने गाडी घेतली. कर्ज त्याने काढलं, चेकवर सह्या त्याने केल्या. आमची डिसेंबरअखेरची तिकिटं बुक झाली, त्यात ह्यांचं नव्हतंच. आभाने विचारलं, "बट व्हाय कान्ट पप्पा कम?" ह्यांनी तिला उत्तर दिलं, मी स्वयंपाकघरात गेले.

डिसेंबरात इसाबेलने जेवायला बोलावलं. माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वरणभात केला होता, तोही कांदा-लसूण न घालता. गाडीला पडदे आले होते. दाराबाहेर तुपाच्या डब्यांत पुदिना लावला होता, तेलाच्या वाळूवर एक हिरवी चटई अंथरली होती. आत गार होतं. बेसिलची आई व्हील्सवरचं घर म्हणून फोनवर हसली होती, तर हा तिला म्हणाला, मम्मी, निदान माझी बायको माझ्याजवळ आहे. ह्यांनी बसवलेल्या फळकुटावर मेरीमातेची तसबीर होती, पुढे इवला दिवा. कडा अजून गुळगुळीत होत्या. हे तिकडे बघत नव्हते. आभा वरच्या पलंगावर चढली आणि आजची रात्र इथेच राहणार म्हणून हटून बसली. इसाबेल म्हणाली, राहू दे तिला.

निघताना तिने माझ्या हातात एक नारळ ठेवला.

"छायाताई, तुमच्या देवाने तुम्हाला नको सांगितलं म्हणून ही आमच्या वाट्याला आली. नाहीतर मी पण वसईला गेले असते. माझ्या नावाने त्याच्यापुढे फोडा."

मी तो पदराखाली घेतला. घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

परतताना शारजाच्या हद्दीवर नेहमीचा ट्रॅफिक लागला. पुढे लाल दिव्यांची रांग. नारळ माझ्या मांडीवर होता. मी अर्धा तास गप्प बसले होते, आणि ते मौन कुठल्याच नेमातलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "कौल देवाने नाही दिला. उजवी पाकळी मी गंधाने चिकटवली होती."

हे समोर बघत होते. पुढची गाडी हातभर सरकली, ह्यांनीही सरकवली.

"माहीत आहे," हे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पूजा मी केली ना. पाकळी निघेना. नखाने खरवडावी लागली."

दोन महिने हा माणूस माझ्या हातचं जेवत होता, मी देवापुढे बसले की टीव्हीचा आवाज कमी करत होता, अनुपमासमोर 'आमच्या हिचे नेम कडक' म्हणून सांगत होता. सगळं माहीत असून.

"मग बोलला का नाहीत?"

"बेसिलने आदल्या संध्याकाळीच त्या इंग्रजाला बयाणा दिला होता. शब्द कसा फिरवणार?" मग म्हणाले, "गाडीचं काही नाही गं. तुला नको होती, तर नको. मी रोज विचारत होतो. तू देवाला मध्ये घातलंस."

मांडीवरचा नारळ मी दोन्ही हातांनी धरून बसले. रडूही आलं नाही, रडण्याचाही हक्क नसल्यासारखं वाटलं.

सिग्नलपाशी आल्यावर हे म्हणाले, "आता विचारतो. तिकिटं परत करता येतात. जायचंय की राहायचंय? 'तुम्ही म्हणाल तसं' नको."

"राहायचंय," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा हळूच निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. "मला इथे तुमच्याबरोबर राहायचंय. एका खोलीत चालेल. कुणाच्या घरातली असली तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी आभाला आणायला गेलो तेव्हा नारळ इसाबेलला परत दिला आणि का ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते बरंच केलं. नारळ उचलून म्हणाली, "मग ह्याची आज करी करते. वाया कशाला घालवायचा?"

जानेवारीत आम्ही खोली घेतली, ती अनुपमाच्या फ्लॅटमध्ये. त्यांनाही भाडं झेपत नव्हतं, एक बेडरूम द्यायची होती. विचारायला मीच खाली गेले, ह्यांना पाठवलं नाही. संडास सामाईक आहे, ओट्यावर माझी वेळ साडेपाच ते साडेसहा. घरून येणाऱ्या पत्रांवर आता माझ्या नावाखाली तिचं नाव असतं, केअर ऑफ म्हणून. ती त्यावरूनही विनोद करते आणि मी ऐकून घेते. संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याच हॉलमध्ये केलं. वाण लुटताना एका नव्या बाईने विचारलं की तुमच्याकडे कौल लावतात म्हणे, माझ्या भावाच्या लग्नाचं विचाराल का? मी म्हटलं, मी आता लावत नाही. का, ते मात्र तिला सांगितलं नाही. तेवढं धैर्य अजून आलेलं नाही.

सकाळचा नेम चालू आहे. पण पूजेला बसण्याआधी एक वाक्य बोलायची सूट मी घेतली आहे. ह्यांना काही विचारायचं असेल तर हे तेव्हा विचारतात. मूर्तीला गंध लावताना उजव्या खांद्याशी बोट येतं आणि थांबतं. तिथे पितळेवर नखाचा बारीक ओरखडा आहे.